मलिक अंबर

अकोला जिल्ह्यात मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर बाळापूर हे जुने गाव वसले आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे मोगलांचा मोठा लष्करी तळ होता. बादशहाचे नामांकित सरदार, हजारो स्वार आणि दारूगोळा यांनी तो तळ गजबजलेला असे. एवढे सामर्थ्य जवळ असूनही त्या फौजेला दक्षिणेकडील एका माणसाची रात्रंदिवस धास्ती वाटत असे. तो माणूस कोणत्याही राजकुळात जन्मला नव्हता. तो आफ्रिकेतून आलेला, बालपणी बाजारात विकला गेलेला गुलाम होता. त्याचे नाव मलिक अंबर.

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात इथिओपिया नावाचा डोंगराळ देश आहे. पूर्वी त्याला हबसाण म्हणत व तेथील लोकांना हबशी म्हणत. या देशात 1548 च्या सुमारास एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. त्या काळी तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसांचा व्यापार चालत असे. चापूही त्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. आईबाप, गाव, भाषा, सारे काही मागे राहिले. अरबस्तानातील मोखा बंदरात त्याची विक्री झाली आणि तेथून तो बगदादला गेला. मीर कासीम नावाच्या धन्याने या मुलाची तल्लख बुद्धी ओळखली. त्याने त्याला लिहिणे, वाचणे, हिशेब आणि कारभार शिकवला व त्याचे नाव अंबर असे ठेवले.

पुढे अंबर समुद्रमार्गे दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान मोठा मुत्सद्दी होता. त्याच्याच काळात, 1574 साली, निजामशाहीने वऱ्हाडावर स्वारी केली. नरनाळा आणि गाविलगड हे बळकट किल्ले पडले, अचलपूरची इमादशाही बुडाली आणि वऱ्हाड निजामशाहीत सामील झाले. राज्य कसे चालवावे, फौज कशी पोसावी आणि शत्रू कसा ओळखावा, याचे धडे अंबराला या पेशव्याच्या पदरी मिळाले.

चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबर दास्यातून मुक्त झाला. परंतु मुक्त होताच त्याचे दैन्य संपले नाही. परक्या मुलखात त्याला ना जमीन होती, ना नातेवाईक. पोटासाठी तो विजापूरच्या आदिलशाहीत चाकरीस राहिला. तेथे त्याच्या कर्तबगारीमुळे त्याला मलिक हा किताब मिळाला. अशी सुमारे वीस वर्षे गेली. इ. स. 1595 च्या सुमारास तो अहमदनगरला परतला, तेव्हा त्याच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते.

तो काळ निजामशाहीच्या संकटाचा होता. अकबर बादशहाच्या फौजांनी अहमदनगरला वेढा घातला होता. चांदबिबीने शहर शौर्याने राखले. पण 1596 च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. पुढे 1600 साली अहमदनगरचा किल्लाही पडला. राजधानी गेली, सुलतान कैद झाला, निजामशाही संपली असे सर्वांना वाटले. मलिक अंबराला मात्र तसे वाटले नाही. त्याने राजघराण्यातील मूर्तझा नावाच्या पुरुषाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले, विखुरलेले स्वार गोळा केले आणि मोडलेले राज्य पुन्हा उभे करण्याचा निर्धार केला.

हे काम सोपे नव्हते. इ. स. 1602 मध्ये नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जबर जखमी होऊन पडला. त्याच्या हबशी सोबत्यांनी मोठ्या शिकस्तीने त्याला शत्रूच्या वेढ्यातून उचलून नेले. बरा होताच तो पुन्हा घोड्यावर बसला. मोगलांची फौज मोठी, तोफखाना मोठा. तिच्याशी मैदानात झुंजणे व्यर्थ आहे, हे त्याने जाणले. म्हणून त्याने गनिमी काव्याचा आश्रय केला. चपळ मराठा स्वारांच्या तुकड्या मोगलांची रसद लुटत, रात्री छावणीवर हल्ला करत आणि शत्रू सावध होण्यापूर्वी डोंगरात नाहीशा होत. हबशी आणि मराठे, परदेशी आणि एतद्देशीय, अशा सर्वांना त्याने एका निशाणाखाली आणले.

सन 1610 मध्ये त्याने खडकी या गावी नवे शहर वसवण्यास आरंभ केला. तेथे पाण्याची टंचाई होती. मलिक अंबराने उत्तरेकडील डोंगरांतील पाणी जमिनीखालून शहरात आणण्याची योजना केली. भुयारी नळ, ठिकठिकाणी हवेसाठी व सफाईसाठी झरोके आणि उतारावरून आपोआप वाहणारे पाणी, अशी ही नहर होती. मोट नाही, रहाट नाही. केवळ उताराच्या अचूक हिशेबावर घरोघर पाणी खेळू लागले. शेतसाऱ्याची व्यवस्थाही त्याने सुधारली. मक्तेदार रयतेला नाडतात, हे पाहून त्याने मक्त्याची पद्धत बंद केली. जमिनीची मोजणी करून तिची प्रतवारी ठरवली आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा घेण्याची रीत घातली. मलिकंबरी धारा या नावाने ती महाराष्ट्रात दीर्घकाळ स्मरणात राहिली.

तरीही दैवाचे फेरे चुकले नाहीत. त्याच्या काही सरदारांचे त्याच्याशी बिनसले आणि ते बाळापूरच्या तळावर जाऊन मोगल सेनापती शाहनवाजखान याला मिळाले. नांदेडजवळ अंबराला हरवणारा सेनानी तो हाच. इ. स. 1616 मध्ये शाहनवाजखान बाळापूरहून निघाला. जालन्याजवळ रोशनगावला मोठी लढाई होऊन मलिक अंबराचा पराभव झाला. विजयी फौजेने खडकी शहर जाळून बेचिराख केले. सहा वर्षांची मेहनत काही दिवसांत मातीस मिळाली. त्या वेळी त्याचे वय सदुसष्टच्या पुढे होते. दुसरा एखादा खचून गेला असता. त्याने शहर पुन्हा बांधावयास घेतले.

अवघ्या चार वर्षांत पारडे फिरले. इ. स. 1620 मध्ये त्याच्या स्वारांनी मोगलांना मेहकराहून बाळापुरास आणि बाळापुराहून बऱ्हाणपुरास मागे रेटले. काही काळ वऱ्हाडातील मोगलांची सत्ता डळमळीत झाली. पुढील वर्षी शहाजादा शाहजहान मोठी फौज घेऊन आला, खडकी दुसऱ्यांदा उद्ध्वस्त झाली आणि अंबराला तह करावा लागला. तरीही तो हटला नाही. सन 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजांचा त्याने पूर्ण मोड केला. या लढाईत छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले.

सत्तेच्या झगड्यात मलिक अंबर कधी कधी कठोर झाला. त्याचे हात अगदी निष्कलंक राहिले असे म्हणता येत नाही. परंतु त्याच्या योग्यतेविषयी शत्रूंनाही शंका नव्हती. जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख तिरस्काराने करी. अंबराच्या मस्तकावर बादशहा बाण सोडीत आहे, असे एक चित्रही दरबारात काढण्यात आले. प्रत्यक्ष रणात मात्र ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. मे 1626 मध्ये मलिक अंबर वृद्धापकाळाने मरण पावला, तेव्हा मोगल दरबारच्याच इतिहासकाराने त्याचे युद्धकौशल्य व राज्यकारभार अद्वितीय होते, अशी ग्वाही दिली.

त्याच्या पश्चात दहा वर्षांत, 1636 साली, निजामशाहीचा अंत झाला. त्याची खडकी पुढे औरंगाबाद या नावाने प्रसिद्ध झाली. आज तिला छत्रपती संभाजीनगर म्हणतात. त्याच्या नहरीचे अवशेष तेथे अद्याप पाहावयास मिळतात. खुलताबादेत त्याची कबर आहे. आईबापांनी ठेवलेले चापू हे नाव गुलामांच्या बाजारात हरवले. धन्याने दिलेले अंबर हे नाव मात्र त्या अनाथ मुलाने आपल्या कर्तृत्वाने इतके मोठे केले, की चारशे वर्षांनंतरही महाराष्ट्र ते विसरलेला नाही.