मायकेल कॅलन

मायकेल कॅलन (जन्म : ११ एप्रिल १९५५, मृत्यू : २७ डिसेंबर १९९३) हे अमेरिकन गायक, गीतकार, लेखक आणि समलिंगी हक्क व एड्सविषयक चळवळीतील कार्यकर्ते होते. एड्सच्या साथीच्या सुरुवातीच्या काळात रुग्णांनी स्वतः संघटित होऊन आपल्या उपचारांविषयी आणि हक्कांविषयी बोलले पाहिजे, ही भूमिका मांडणाऱ्या पहिल्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. सुरक्षित लैंगिक संबंधांविषयीच्या सर्वांत आधीच्या मार्गदर्शक पुस्तिकांपैकी एकीचे ते सहलेखक होते.

प्रारंभिक जीवन

कॅलन यांचा जन्म अमेरिकेतील इंडियाना राज्यात रायझिंग सन या लहान गावी झाला. त्यांचे बालपण ओहायो राज्यातील हॅमिल्टन शहरात गेले. बॉस्टन विद्यापीठातून १९७७ मध्ये पदवी घेतल्यावर गायक होण्याच्या इच्छेने ते न्यूयॉर्कला आले. १९६९ च्या स्टोनवॉल उठावानंतर या शहरात समलिंगी पुरुषांचे उघड सामाजिक जीवन उभे राहत होते. कॅलन त्यात सामील झाले. आपली लैंगिकता न लपवता गाणे त्यांनी पुढे आयुष्यभर चालू ठेवले. ड्रमवादक रिचर्ड ड्वॉर्किन हे त्यांचे जोडीदार व संगीतातील सहकारी होते. दोघांनी ‘लोलाइफ’ या बँडमध्ये एकत्र काम केले.

आजाराचे निदान आणि पहिली पुस्तिका

१९८२ मध्ये कॅलन यांना या नव्या आजाराचे निदान झाले. तेव्हा त्यांचे वय २७ होते. आजाराला एड्स हे नाव अद्याप रूढ झाले नव्हते आणि त्याचे कारणही सापडले नव्हते. वैद्यकीय वर्तुळात तो समलिंगी पुरुषांचा विकार म्हणून ओळखला जाई, त्यामुळे रोगाच्या भीतीबरोबर जुना सामाजिक तिरस्कारही रुग्णांच्या वाट्याला येत होता.

कॅलन हे न्यूयॉर्कमधील डॉ. जोसेफ सॉनबेंड यांचे रुग्ण होते. त्यांच्याच दुसऱ्या एका रुग्णाशी, लेखक रिचर्ड बर्कोविट्झ यांच्याशी, कॅलन यांचा परिचय झाला. या दोघांनी १९८२ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क नेटिव्ह’ या समलिंगी समाजाच्या वृत्तपत्रात लेख लिहून अनेक जोडीदारांशी असुरक्षित संबंध ठेवण्यातील धोक्याकडे लक्ष वेधले. नुकतेच मिळालेले लैंगिक स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा हा प्रयत्न आहे, अशी टीका स्वसमाजातूनच झाली.

या टीकेनंतर मे १९८३ मध्ये दोघांनी सॉनबेंड यांच्या मार्गदर्शनाखाली ‘हाउ टू हॅव सेक्स इन अ‍ॅन एपिडेमिक’ ही पुस्तिका काढली. तिच्यात संयमाचा उपदेश नव्हता. कोणत्या क्रियेत किती धोका आहे आणि कंडोम का वापरावा, हे त्यात सोप्या भाषेत सांगितले होते. जोडीदाराविषयीची आपुलकी हाही आरोग्यरक्षणाचा भाग आहे, असे तिचे प्रतिपादन होते. विषाणूच एड्सचे कारण आहे हे सिद्ध होण्यापूर्वीच ही पुस्तिका लिहिली गेली होती, तरी कंडोमविषयीचा तिचा सल्ला पुढे योग्य ठरला.

डेन्व्हर तत्त्वे

जून १९८३ मध्ये कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे समलिंगी आरोग्यविषयक राष्ट्रीय परिषद भरली. तिथे आलेल्या डझनभर रुग्णांनी एकत्र बसून एक जाहीरनामा तयार केला आणि तो व्यासपीठावरून वाचला. कॅलन, बर्कोविट्झ आणि सॅन फ्रान्सिस्कोचे परिचारक बॉबी कॅम्पबेल हे त्यांत प्रमुख होते. हा जाहीरनामा ‘डेन्व्हर तत्त्वे’ या नावाने ओळखला जातो.

आपल्याला ‘बळी’ म्हणू नये, केवळ ‘रुग्ण’ही म्हणू नये, तर एड्स असलेल्या ‘व्यक्ती’ म्हणावे, ही त्यातील पहिली मागणी होती. बळी म्हटले की पराभव गृहीत धरला जातो, असा त्यामागचा विचार होता. एड्सविषयक संस्थांच्या निर्णय घेणाऱ्या मंडळांवर प्रतिनिधित्व, उपचारांची पूर्ण माहिती, ते नाकारण्याची मुभा, गोपनीयता आणि सन्मानाने जगण्या-मरण्याचा हक्क या मागण्याही त्यात होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलन यांनी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली.

संघटनात्मक कार्य

१९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पीपल विथ एड्स कोअलिशन’ ही रुग्णांची संघटना स्थापन करण्यात कॅलन यांचा पुढाकार होता. तिच्या ‘न्यूजलाइन’ या पत्रिकेचे संपादन त्यांनी केले. १९८७ मध्ये सॉनबेंड व इतरांसह त्यांनी ‘कम्युनिटी रिसर्च इनिशिएटिव्ह’ सुरू केले. मोठ्या रुग्णालयांबाहेर, रुग्ण आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सहभागाने औषधांच्या चाचण्या घेणे हा त्याचा उद्देश होता.

एड्सच्या रुग्णांचे मोठ्या प्रमाणावर मृत्यू न्यूमोसिस्टिस या न्यूमोनियाने होत. तो टाळण्याचा उपाय नवा नव्हता. कर्करोग झालेल्या मुलांमध्ये एका स्वस्त, जुन्या प्रतिजैविकाने हा न्यूमोनिया रोखता येतो, हे १९७७ मध्येच दिसून आले होते. सॉनबेंड आपल्या रुग्णांना ते देत असत. १९८७ मध्ये कॅलन यांनी अमेरिकी सरकारी संशोधन संस्थेचे संचालक अँथनी फौची यांची भेट घेऊन देशभरातील डॉक्टरांसाठी तशी मार्गदर्शक सूचना काढण्याची विनंती केली. एड्सच्या रुग्णांवरील पुरेशी चाचणी-माहिती नसल्याने ती मान्य झाली नाही. सूचना १९८९ मध्ये निघाली. त्याच वर्षी फवाऱ्याने श्वासावाटे देण्याच्या पेंटामिडिन या औषधाला याच वापरासाठी मान्यता मिळाली आणि त्यासाठी समुदायाधारित चाचण्यांची माहिती उपयोगी पडली. मधल्या दोन वर्षांत टाळता येण्याजोगे मृत्यू झाले, हे दुःख कॅलन यांनी अखेरपर्यंत बोलून दाखवले.

संगीत

उंच पट्टीतील मृदू आवाज हे कॅलन यांच्या गायनाचे वैशिष्ट्य होते. ‘पर्पल हार्ट’ हा त्यांचा एकल अल्बम १९८८ मध्ये आला. पर्पल हार्ट हे युद्धात जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांना दिले जाणारे पदक आहे. साथीकडे युद्ध म्हणून पाहण्याची कॅलन यांची दृष्टी या शीर्षकात आणि अल्बममधील ‘लिव्हिंग इन वॉरटाइम’ या गीतात दिसते. पीटर अ‍ॅलन व मार्शा मालामेट यांच्यासह रचलेले ‘लव्ह डोन्ट नीड अ रीझन’ हे त्यांचे सर्वाधिक परिचित गीत आहे. ते मोर्च्यांत आणि स्मृतिसभांत गायले जाई.

‘द फ्लर्टेशन्स’ या वाद्यांविना गाणाऱ्या, उघडपणे समलिंगी गायकांच्या गटाचे ते सदस्य होते. हा गट जुनी लोकप्रिय प्रेमगीते पुरुषाने पुरुषासाठी गायलेली गीते म्हणून सादर करी. १९९३ च्या ‘फिलाडेल्फिया’ या चित्रपटात गटाचे गायन आहे. त्याच वर्षीच्या ‘झीरो पेशन्स’ या कॅनडियन संगीतपटात कॅलन यांनी विषाणूचीच भूमिका केली.

वादग्रस्त मते

एड्स केवळ एका विषाणूमुळे होतो, हे कॅलन यांना पटले नव्हते. अनेक कारणे एकत्र येऊन तो होतो, असे ते मानत. हे मत विज्ञानाने चुकीचे ठरवले आहे. एझेडटी या पहिल्या मान्यताप्राप्त औषधालाही त्यांचा विरोध होता. सुरुवातीच्या मोठ्या मात्रांचे दुष्परिणाम तीव्र होते. मात्र पुढे १९९६ पासून प्रभावी ठरलेल्या संयुक्त उपचारांत याच वर्गातील औषधे वापरली गेली.

मृत्यू व वारसा

निदानानंतर अकरा वर्षे जगलेल्या कॅलन यांनी ‘सर्व्हायव्हिंग एड्स’ (१९९०) या पुस्तकात दीर्घकाळ जगलेल्या रुग्णांचे अनुभव नोंदवले. एड्स म्हणजे तत्काळ मृत्यू, ही समजूत खोडून काढणे हा त्याचा हेतू होता. आयुष्याच्या शेवटच्या काळात त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली गाणी ‘लेगसी’ या अल्बमरूपाने १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. वयाच्या ३८ व्या वर्षी लॉस एंजेलस येथे त्यांचे निधन झाले.

न्यूयॉर्कमधील कॅलन-लॉर्ड सामुदायिक आरोग्य केंद्राला त्यांचे आणि कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचे नाव देण्यात आले आहे. डेन्व्हरमध्ये मांडलेले रुग्णसहभागाचे तत्त्व १ डिसेंबर १९९४ रोजीच्या पॅरिस जाहीरनाम्यात भारतासह ४२ देशांनी स्वीकारले.