करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन

सर करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन (४ डिसेंबर १८९८ – जून १९६१), रूढ नाव के. एस. कृष्णन, हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. १९२८ साली कोलकात्यात लागलेल्या रामन परिणामाच्या शोधात ते चंद्रशेखर वेंकट रामन यांचे सहसंशोधक होते. रासायनिक विश्लेषणासाठी आज जगभर वापरली जाणारी रामन वर्णपटाची पद्धत याच शोधावर उभी आहे. हिऱ्याच्या वर्णपटावर काम करणारे आर. एस. कृष्णन हे निराळे शास्त्रज्ञ होत; नावसाधर्म्यामुळे दोघांची वारंवार गल्लत होते.

प्रारंभिक जीवन

कृष्णन यांचा जन्म आजच्या तमिळनाडूतील वत्रप या गावी झाला. तमिळ आणि संस्कृत साहित्याची गोडी त्यांना घरातूनच लागली व ती आयुष्यभर टिकली. मदुराईचे अमेरिकन कॉलेज व मद्रासचे ख्रिश्चन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. त्यानंतर ख्रिश्चन कॉलेजातच ते रसायनशास्त्राचे प्रयोगनिर्देशक झाले. दुपारच्या सुट्टीत ते विद्यार्थ्यांच्या कोणत्याही विषयातील शंकांची उत्तरे देत. १९२० मध्ये ते कोलकात्यास गेले आणि १९२३ च्या अखेरीस बहुबाजार येथील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले.

१९२८ चा शोध

द्रवातून जाताना विखुरलेल्या प्रकाशात मूळ किरणात नसलेला एक मंद रंग दिसतो, हे के. आर. रामनाथन यांना १९२३ मध्येच आढळले होते. तो द्रवातील अशुद्धीमुळे दिसणारा फ्लुओरेसन्स, म्हणजे पदार्थाने प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत टाकणे, असावा असे तेव्हा मानले गेले. पुढे एस. वेंकटेश्वरन यांना ग्लिसरिनमधला असा प्रकाश ध्रुवित असल्याचे दिसले. साध्या फ्लुओरेसन्सच्या कल्पनेत हे बसत नव्हते.

कृष्णन त्या सुमारास सैद्धांतिक कामात गुंतले होते. फेब्रुवारी १९२८ च्या आरंभी रामन यांनी त्यांना पुन्हा प्रयोगाकडे वळवले. प्रयोगाची मांडणी अगदी साधी होती. दुर्बिणीच्या भिंगाने एकवटलेला सूर्यप्रकाश निळ्या-जांभळ्या फिल्टरमधून द्रवात सोडायचा. त्याला पूरक असा हिरवट-पिवळा फिल्टरही किरणाच्या वाटेत ठेवला, तर सारा प्रकाश अडतो. मात्र हा दुसरा फिल्टर तेथून काढून द्रव आणि निरीक्षकाचा डोळा यांच्यामध्ये धरला, तरी द्रवातील किरणाचा माग दिसतच राहतो. याचा अर्थ द्रवाने विखुरलेल्या प्रकाशात नवा रंग मिसळला आहे. सुमारे ६० द्रव अशा रीतीने तपासले गेले. या निरीक्षणांचा मोठा भार कृष्णन यांनी उचलला. त्या दिवसांच्या नोंदी त्यांनी रोजनिशीत केल्या होत्या, आणि त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेली ही पाने शोधाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानली जातात.

नेचर नियतकालिकाला धाडलेले, १६ फेब्रुवारीची तारीख असलेले पहिले पत्र रामन आणि कृष्णन या दोघांच्या नावाने ३१ मार्चच्या अंकात छापून आले. मधल्या काळात, २८ फेब्रुवारीला, वर्णपटदर्शकातून नवे रंग वेगळे दिसले. हाच दिवस भारतात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. तरंगलांबीतील बदलाविषयीचे एप्रिलमधील पत्र मात्र एकट्या रामन यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. १९३० चे नोबेल पारितोषिकही रामन यांना एकट्यांना मिळाले. शोधाची दिशा आणि त्यामागची अनेक वर्षांची चिकाटी रामन यांची होती, हे निर्विवाद आहे. तरी शालेय पुस्तकांत कृष्णन यांचा उल्लेखही सहसा नसतो, ही उणीव भरून निघायला हवी.

विश्लेषणातील उपयोग

विखुरलेल्या प्रकाशाचा फारच थोडा अंश, दहा लाखांत एक भाग किंवा त्याहूनही कमी, रंग बदलतो. हा बदल रेणूच्या कंपनांवर अवलंबून असल्याने प्रत्येक संयुगाचा रामन वर्णपट ठशासारखा ओळखता येतो. पाण्याचे स्वतःचे रामन प्रकीर्णन क्षीण असते, म्हणून अवरक्त वर्णपटाला अवघड जाणारे जलीय द्रावण येथे सहज तपासता येते. अडचण होती ती मंदपणाची. पाऱ्याचा दिवा लावून छायाचित्रणाच्या काचेवर तासन्‌तास प्रकाश घ्यावा लागे. १९६० मध्ये लेसर आला आणि ही अडचण बरीच हटली.

१९७४ मध्ये साउदॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेंड्रा व मॅकक्विलन यांना खरबरीत चांदीच्या विद्युदग्रावर चिकटलेल्या पिरिडिनचा वर्णपट अनपेक्षितपणे ठळक मिळाला. पृष्ठभाग वाढल्यामुळे जास्त रेणू चिकटले, असा त्यांचा समज होता. १९७७ मध्ये जीनमेअर व व्हॅन ड्युइन, तसेच अल्ब्रेख्ट व क्रेटन यांनी हे कारण अपुरे ठरवले. वाढ सुमारे लाखापासून दहा लाख पटींपर्यंत होती. चांदी-सोन्याच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांतील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र आंदोलतात, त्यामुळे पृष्ठभागालगतचे विद्युतक्षेत्र अनेक पटींनी तीव्र होते. या पृष्ठवर्धित पद्धतीने फळांच्या सालीवरील कीटकनाशकांचे अवशेष, दुधातील मेलामाइनची भेसळ किंवा जुन्या वस्त्रांतील रंग अत्यल्प नमुन्यातून ओळखता येतात. दोन पृष्ठभाग तंतोतंत सारखे बनवणे अवघड असल्याने पदार्थ कोणता हे सांगणे सोपे, पण तो नेमका किती हे मोजणे कठीण जाते.

पुढील कार्य

डिसेंबर १९२८ मध्ये कृष्णन ढाका विद्यापीठात प्रपाठक म्हणून गेले. बारीक क्वार्ट्‌झ धाग्याला लहानसा स्फटिक टांगून निरनिराळ्या दिशांतील त्याच्या चुंबकीय गुणांतला फरक मोजण्याची पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह विकसित केली. स्फटिकात रेणू कसे मांडलेले आहेत, याचा अंदाज त्यावरून येतो. १९३३ मध्ये ते महेंद्रलाल सरकार प्राध्यापक म्हणून कोलकात्यास परतले. १९४० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९४२ पासून अलाहाबाद विद्यापीठात होते, आणि १९४६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

१९४७ मध्ये ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. १९४८ च्या पहिल्या अणुऊर्जा आयोगात होमी भाभा व शांतिस्वरूप भटनागर यांच्यासह ते सदस्य होते. १९५४ मध्ये पद्मभूषण आणि १९५८ मध्ये पहिला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना देण्यात आला. प्रशासनाच्या व्यापातही त्यांचे संशोधन चालू राहिले. विद्युतप्रवाहाने तापलेल्या तारांतील उष्णतेच्या विभागणीवर त्यांनी या काळात काम केले. विज्ञानाविषयी ते तमिळमध्येही लिहीत. संचालकपदावर असतानाच त्यांचे निधन झाले.