राहते घर, सावकार आणि बाबासाहेब

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. माता रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर दापोलीस राहिले, पुढे सातारा, मग मुंबई. परळच्या बी.आय.टी. चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेबांनी उमेदीची वर्षे काढली. घर गावी आणि पोट मुंबईत, ही कोकणी माणसाची कुतरओढ त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

गावात सत्ता खोताची. १८८० च्या खोती कायद्याने ती पक्की केलेली. खंड थकला की कूळ खोताच्या कचाट्यात, खंड भरायला कर्ज काढले की सावकाराच्या! १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणच्या शेतकरी परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषविले. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी विधिमंडळावर चालून आले. तरी विधेयक मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ साल उजाडले.

शेतकऱ्याच्या घराला तेव्हा काहीच कवच नव्हते काय? होते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतकऱ्याचे राहते घर कर्जापोटी जप्त होऊ देत नाही. परंतु घराच्या किंवा घराखालच्या जागेच्या भाड्याचा हुकूमनामा असेल, तर हे कवच गळून पडते. म्हणजे जागा ज्याची, त्याच्यापुढे कायदाही दुबळा! म्हणूनच जमिनीवरील मालकीच्या मुळावर घाव घालणारी बाबासाहेबांची लढाई आम्हाला मोलाची वाटते.

१९७६ च्या दुरुस्तीने हे संरक्षण मजूर व घरनोकरांनाही मिळाले. मात्र अट कायम आहे : घर त्याचे हवे आणि तो त्यात राहत हवा. आमचे किती बांधव मुंबई-ठाण्यात राबतात आणि गावचे घर कुलपात असते! न्यायालयात सावकार नेमके त्या कुलपाकडे बोट दाखवणार. म्हणून घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, मतदार यादीतील नाव, वीजबिल हे पुरावे जपा. कागद असले तरी घरात खरोखर वावर हवा, हे विसरू नका. आणि घर गहाण टाकलेत, तर त्या कर्जापुरते हे कवच उपयोगी पडत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यानेही बँकेकडे तारण दिलेल्या घराला ही सूट ठेवलेली नाही. अंगठा उठवण्यापूर्वी कागद वाचून घ्या.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. ते स्वतः बॅरिस्टर होते; गरिबाच्या हाती कायदा द्यावा म्हणून आयुष्यभर झिजले. तो कायदा आपल्याला ठाऊकच नसेल, तर जप्तीचा बेलीफ दारात आल्यावर आपण काय सांगणार?