वालचंद हिराचंद : भारतीय विमान कारखान्याचा पाया घालणारे सोलापूरकर

दमणच्या किनाऱ्यावरील तटरक्षक दलाच्या तळावरून समुद्राकडे झेपावणारी दोन इंजिनांची डॉर्नियर विमाने आपल्या प्रदेशातील लोकांना अपरिचित नाहीत. सिल्वासाला स्वतःचा विमानतळ नसला, तरी टोकरखाड्यापासून हा तळ फारसा दूर नाही. या विमानांचा आराखडा मूळचा जर्मन. परंतु त्यांची बांधणी हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कानपूर येथील कारखान्यात झालेली आहे. एचएएल या नावाने देशभर ओळखल्या जाणाऱ्या या सरकारी संस्थेचा प्रारंभ मात्र सरकारने केलेला नव्हता. सोलापूरच्या एका व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या गृहस्थांनी, देश परतंत्र असताना, तिचा पाया घातला आणि पुरते दीड वर्षही उलटण्यापूर्वी ती त्यांच्या हातून गेली. त्या गृहस्थांचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातले, धर्माने दिगंबर जैन. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तव्याने ते सोलापूरचेच झाले होते. कापूस आणि सावकारी हा घरचा व्यवसाय. वडील हिराचंद नेमचंद हे जैन समाजातील सुधारक म्हणून नावाजलेले. वालचंदांचे शिक्षण सोलापुरात, पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात झाले; पदवी मात्र पदरी पडली नाही आणि ते घरच्या पेढीवर परतले. पेढीच्या बैठ्या व्यवहारात त्यांचे मन रमले नाही.

त्यांना वाट दाखविली ती रेल्वेने. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली. फाटकांपाशी कामाची माहिती होती, वालचंदांपाशी भांडवल आणि धाडस. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेली ही कंत्राटदारी पुढे वाढतच गेली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा जलवाहिनीचे काम, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी अवघड कामे त्यांच्या नावाशी जोडली गेली. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी ही त्याच परंपरेतील. डोंगर फोडण्याचे हे काम करताना वालचंदांच्या ध्यानी एक गोष्ट आली असावी, कारण पुढील सर्व उद्योगांत ती दिसते. काम भारतीयांनी करावे, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते; कामाला लागणारे साधनही भारतीयांचेच असावे, असा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह त्यांना प्रथम समुद्रावर घेऊन गेला. पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची आगबोट विक्रीस होती. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह वालचंदांनी ती घेतली, सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी उभी केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी ही बोट मुंबईहून लंडनच्या प्रवासाला निघाली. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच घटनेच्या स्मरणार्थ. या धाडसाची किंमत लवकरच मोजावी लागली. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपनीने मालवाहतुकीचे दर पाडून सिंदियाची कोंडी केली आणि १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार पत्करावा लागला. किनारी मालवाहतुकीपुरते राहावे, प्रवासी वाहतुकीकडे वळू नये, अशी बंधने त्यात होती. परकीय सत्तेखाली उद्योग काढणे म्हणजे बाजारातील स्पर्धेबरोबर राजसत्तेच्या मर्जीशीही झगडणे होय, हा धडा वालचंदांना समुद्राने दिला. आकाशानेही पुढे त्यांना तोच धडा दिला.

१९३९ साली युरोपात दुसरे महायुद्ध पेटले. त्या सुमारास वालचंद मोटारगाड्यांच्या कारखान्याची योजना घेऊन अमेरिकेस निघाले होते. पॅसिफिक महासागर ओलांडण्यासाठी त्या काळी पॅन अमेरिकन कंपनीची क्लिपर विमाने होती. पाण्यावर उतरणारी ही अवाढव्य विमाने मनिला, ग्वाम, वेक, मिडवे, होनोलुलू असे टप्पे घेत कित्येक दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोस पोहोचत. अशा लांबलेल्या प्रवासात सहप्रवाशांची ओळख होणे ओघानेच आले. वालचंदांची ओळख झाली ती विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी. पॉली चीनमध्ये विमानांच्या जुळणीचा कारखाना चालवीत होते. जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये जर हे घडू शकते, तर भारतात का नाही, हा विचार वालचंदांच्या मनात पक्का झाला. मोटारीच्या कामासाठी निघालेला हा माणूस परतला तो विमानाच्या कारखान्याची योजना घेऊन.

सरकारने प्रथम या योजनेस उत्साह दाखविला नाही. यंत्रे आणि कच्चा माल अमेरिकेतून यायचा, आणि त्यावर ब्रिटनच्या युद्धकालीन गरजांचा पहिला हक्क मानला जात होता. शिवाय वालचंद हे राष्ट्रीय चळवळीकडे कल असणारे उद्योजक म्हणून सरकारदरबारी परिचित होते. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि ब्रिटन एकटे उरले, तेव्हा चित्र पालटले. भारतातच विमाने तयार होण्याची निकड सरकारला जाणवू लागली आणि योजनेला मान्यता मिळाली.

आता प्रश्न होता जागेचा आणि भांडवलाचा. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी हात पुढे केला. संस्थानाने बंगळूरजवळ सुमारे ७०० एकर जमीन दिली आणि भांडवलातही वाटा उचलला. बंगळूरची निवड अनेक अर्थांनी योग्य ठरली. शिवनसमुद्राची वीज हाताशी होती, भद्रावतीचा लोखंड-पोलादाचा कारखाना संस्थानातच होता, भारतीय विज्ञान संस्था शहरात होती, हवामान सौम्य होते आणि शत्रूच्या विमानांच्या टप्प्यापासून शहर दूर होते. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड ही कंपनी नोंदविली गेली. तिचे पहिले कार्यालय बंगळूरच्या दोमलूर रस्त्यावरील ईव्हनटाइड नावाच्या एका बंगल्यात थाटले गेले. पॉली यांच्या इंटरकॉन्टिनेन्टल एअरक्राफ्ट कंपनीने तांत्रिक साहाय्य दिले; अमेरिकी तंत्रज्ञ आले, यंत्रे आली, आणि माळरानावर कारखान्यासोबत धावपट्टीही तयार होऊ लागली.

मार्च १९४१ मध्ये भारत सरकार कंपनीचे एक तृतीयांश भागधारक बनले. पहिली कामे तीन प्रकारच्या विमानांची होती : हार्लो हे शिकाऊ वैमानिकांचे विमान, कर्टिस हॉक हे लढाऊ विमान आणि व्हल्टी हे बॉम्बफेकी विमान. ऑगस्ट १९४१ मध्ये, कंपनीच्या स्थापनेला जेमतेम आठ महिने झाले असताना, पहिल्या हार्लो विमानाने बंगळूरच्या आकाशात उड्डाण केले. सुटे भाग अमेरिकेहून आलेले होते आणि येथे झाली ती त्यांची जुळणी, हे खरे. तरीही ज्या देशात तोवर विमानाचा एकही कारखाना नव्हता, तेथे कामगारांची एक फळी या निमित्ताने विमान हाताळू लागली.

याच वेळी वालचंदांची दुसरी महत्त्वाकांक्षा पूर्व किनाऱ्यावर आकार घेत होती. विशाखापट्टणम येथे सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. एकाच वर्षी एकाच माणसाच्या पुढाकाराने देशात जहाज आणि विमान या दोन्हींचे कारखाने उभे राहत होते.

पुढचे वर्ष मात्र कसोटीचे ठरले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले, आणि युद्ध भारताच्या दाराशी आले. २ एप्रिल १९४२ रोजी सरकारने वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेऊन विमान कारखान्याचा ताबा घेतल्याचे जाहीर केले. अवघ्या चार दिवसांनी, ६ एप्रिल रोजी, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि जहाज कारखान्याचे कामही विस्कळीत झाले. एका आठवड्याच्या आत वालचंदांच्या आयुष्यातील दोन मोठी स्वप्ने अशी दोन दिशांनी हादरली. एक सरकारने घेतले, दुसऱ्यावर शत्रूने आघात केला.

भागांचा मोबदला त्यांना मिळाला. हानी पैशाची नव्हतीच. विमान बांधणीचा जो उद्योग उभारायचा होता, तो युद्धकाळात दुरुस्तीच्या कामाकडे वळला. लढाऊ विमाने मोजकीच तयार झाली. १९४३ मध्ये अमेरिकी हवाई दलाने तेथील कामाची सूत्रे घेतली आणि बंगळूर हे आशियातील आघाडीवर लढणाऱ्या विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र बनले. वालचंदांच्या टीकाकारांना येथे बोलण्यास जागा मिळते. अपुऱ्या भांडवलावर मोठ्या योजना आखणे, सरकारी मागणीच्या भरवशावर कारखाना उभारणे आणि तंत्रज्ञानासाठी परदेशी सहकाऱ्यावर विसंबणे, हे आक्षेप निराधार नाहीत. परंतु त्या काळात परदेशी साहाय्यावाचून विमानाचा कारखाना निघणे शक्य नव्हते, आणि दुरुस्तीच्या त्या कामातूनच हजारो भारतीय कारागिरांचे हात तयार झाले, हेही तितकेच खरे आहे. स्वातंत्र्यानंतर, कानपूर येथे मोडीत काढून ठेवलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने पुन्हा उडती करून भारतीय हवाई दलाला देण्याचे अवघड काम याच कारखान्याने केले.

वालचंद थांबले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मोटारीची जुनी योजना मुंबईत कुर्ला येथे प्रत्यक्षात आणली. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणम येथे जलउषा हे जहाज पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. परंतु १९४९ मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले आणि पुढच्याच वर्षी ते सर्व जबाबदाऱ्यांतून निवृत्त झाले. अखेरच्या वर्षांत पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. १९५२ मध्ये जहाजबांधणीचा कारखानाही बहुतांशी सरकारकडे गेला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूपूर्वी जेमतेम पावणेदोन वर्षे बंगळूरच्या त्याच धावपट्टीवरून एक घटना घडली होती. ५ ऑगस्ट १९५१ रोजी एचटी-२ या शिकाऊ वैमानिकांच्या विमानाने पहिले उड्डाण केले. इंजिन ब्रिटिश असले, तरी विमानाचा आराखडा भारतीय होता. तो करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचे. जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेले. सोलापूरच्या उद्योजकाने उभारलेल्या कारखान्यात कोल्हापूरकडच्या अभियंत्याने भारताचे विमान आखावे, हा योगायोग मराठी वाचकाने अवश्य ध्यानी ठेवावा असा आहे. दहा वर्षांनी, १७ जून १९६१ रोजी, मारुत हे जेट लढाऊ विमान तेथूनच उडाले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्टचे रूपांतर हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये झाले आणि नाशिकजवळ ओझर येथील मिग विमानांचा कारखानाही त्याच छत्राखाली आला. जव्हारचा घाट चढून नाशिककडे जाणाऱ्या आपल्याकडील प्रवाशांनी त्या परिसरात लढाऊ विमानांचा आवाज कधी ना कधी ऐकला असेल.

वालचंदांच्या नावाने आज सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. उसाच्या मळ्याभोवती वसलेल्या या गावातील त्यांच्या उद्योगसमूहाच्या कारखान्यात पुढे भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांचे भाग तयार झाले. विमानाच्या क्षेत्रात मात्र त्यांचे नाव कोणत्याही यंत्रावर कोरलेले नाही. त्यांनी कारखान्यासाठी निवडलेल्या माळरानावरील धावपट्टी दीर्घकाळ बंगळूर शहराचा विमानतळ म्हणून वापरात होती. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू होईपर्यंत बंगळूरला विमानाने गेलेला प्रत्येक प्रवासी, ठाऊक असो वा नसो, वालचंदांच्या कारखान्याशेजारीच उतरत होता.