कर्करोगाच्या नोंदी वाचणारे डॉ. खानोलकर

भारतातील विकृतिशास्त्रीय संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी संपादन केली व मुंबईत परतून वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

भारतात कर्करोग विरळा, असा समज त्या काळी वैद्यकीय वर्तुळातही होता. खानोलकरांनी रुग्णांच्या नोंदी बारकाईने वाचल्या. कोणाला, कुठल्या प्रांतात, शरीराच्या कोणत्या जागी आणि कोणत्या सवयीसोबत गाठ आढळते, एवढेच ते पाहत. १९४५ मध्ये त्यांनी व बी. सूर्याबाई यांनी रूढींशी निगडित अशा कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. धोतर कमरेला जेथे घट्ट कसले जाते तेथील त्वचेवर, खैनीची गोळी खालच्या ओठामागे जेथे धरली जाते तेथे, आणि आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूवर व्रण उमटत होता. जागा आणि सवय यांचा मेळ इतका नेमका होता की, संशयाला दिशा मिळाली. गर्भाशयमुखाचा कर्करोग हिंदू स्त्रियांत तुलनेने अधिक व मुस्लिम आणि पारशी स्त्रियांत कमी, तर पारशी स्त्रियांत स्तनाचा अधिक, हेही अशाच नोंदींतून पुढे आले.

वर्णनात्मक अभ्यासाचे बळ ते हेच, आणि दुबळेपणही येथेच. परळपर्यंत पोहोचलेला रुग्ण म्हणजे समाज नव्हे. कर्करुग्णांतील प्रमाण कळते. लाख लोकसंख्येमागे किती, हे कळत नाही. निरोगी माणसांचा तुलनागट नसल्याने कारणही सिद्ध होत नाही. १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा यातली पहिली उणीव शहरापुरती भरून निघू लागली.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. १९५५ मध्ये पद्मभूषण, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. कुष्ठरोगातील मज्जातंतूंच्या विकृतीवरील त्यांचे कामही मोलाचे. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

ग्रामीण नोंदणीसाठी आणखी नऊ वर्षे जावी लागली. १९८७ मध्ये बार्शीत ती सुरू झाली तेव्हा शेजारच्या जिल्ह्यातील परांडा आणि भूम हे तालुकेही तिच्या कक्षेत आले. गर्भाशयमुखाचा कर्करोग तेथील स्त्रियांना किती ग्रासतो, हे दारोदारच्या नोंदींनी दाखवले. लोहारा तालुक्यातील माकणीपासून परांड्यापर्यंत पसरलेल्या त्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत व आताच्या धाराशिवात, १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांवर तुलनागटासह चाचणी झाली. विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले.