खाणीतली उष्णता मोजणारे डॉ. हॉल्डेन

जे. बी. एस. हॉल्डेन हे नाव आपल्याकडे विज्ञानाच्या वाचकांना परिचयाचे आहे. जनुकशास्त्रातले हे मोठे शास्त्रज्ञ १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. पण खाणीत, बोगद्यात, भट्टीसमोर किंवा तापलेल्या पत्र्याखाली घाम गाळणाऱ्या माणसावर जास्त उपकार आहेत ते त्यांच्या वडिलांचे, डॉ. जॉन स्कॉट हॉल्डेन यांचे.

त्यांचा जन्म मे १८६० मध्ये एडिंबरा येथे झाला. घर सुखवस्तू. थोरले भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. जॉन यांनी १८८४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली, पण दवाखाना थाटला नाही. माणूस ज्या हवेत राहतो आणि राबतो, त्या हवेचे त्यांना वेड होते. डंडी शहरात गरिबांच्या कोंदट खोल्यांमध्ये मध्यरात्रीनंतर जाऊन त्यांनी हवेचे नमुने गोळा केले. नंतर गटारे झाली, आणि मग कोळशाच्या खाणी. खाणीत स्फोट झाला की बहुतेक कामगार भाजून नव्हे, तर स्फोटानंतरच्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले. त्यासाठी तो वायू त्यांनी स्वतः हुंगला होता. खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत त्यांच्याच सूचनेतून आली.

शाळकरी मुलालाही त्यांनी सोडले नाही. एका खाणीत त्याला उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतच्या चांगल्या हवेत तो लगेच सावरला. मिथेन हलका असतो आणि छताशी साचतो, हा धडा त्याला जन्मभर पुरला. आजच्या पालकांनी हा प्रयोग करू नये.

उष्णतेच्या प्रश्नाकडे ते वळले कॉर्नवॉलमुळे. तिथल्या डॉलकोथ या खोल कथील खाणीतले कामगार पांढरेफटक पडत होते. हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी बॉयकॉट यांनी कारण शोधले: अंकुशकृमी. खाणीत शौचाची सोय नव्हती आणि खालची जमीन उबदार व ओली होती. जंताच्या अळ्या वाढायला याहून बरी जागा नाही. पण त्या उबेत कामगारांचे दुसरेही काही होत असणार, हे हॉल्डेन यांच्या लक्षात आले. किती उष्णता माणूस सोसू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या शरीराचे तापमान मोजत तपासले आणि १९०५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांनी वापरलेले साधन जुनेच होते. दोन तापमापक घ्यायचे, एक कोरडा, दुसऱ्याचा फुगा ओल्या मलमलीत गुंडाळलेला. हवा कोरडी असेल तर फडक्यातले पाणी भराभर उडते आणि दुसऱ्याचा पारा बराच खाली येतो. हवा दमट असेल तर तो फारसा उतरत नाही. या ओल्या फडक्याच्या तापमानाला ‘वेट बल्ब’ तापमान म्हणतात. हॉल्डेन यांचे म्हणणे असे होते की, कोंडलेल्या गरम जागेत माणसाचे भवितव्य हा दुसरा आकडा ठरवतो. तो साधारण २५.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की सलग जड काम अशक्य होते. ३१ अंशांच्या पुढे तर नुसते बसून राहणेही फार वेळ जमत नाही, शरीराचे तापमान चढतच जाते. हवा खेळती असेल तर ही मर्यादा काही अंशांनी वर सरकते.

हे आपल्याला माठावरून कळते. विदर्भात मे महिन्यात माठातले पाणी गारेगार होते, मुंबईत तोच माठ नावापुरता थंडावा देतो. घामाचेही तसेच. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना वेट बल्ब सुमारे २४ भरतो; ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तो सुमारे २९ होतो. म्हणजे बातमीत लहान दिसणारा आकडा कष्टकऱ्याला जास्त जड जाऊ शकतो. याचा अर्थ विदर्भातले ऊन सोपे असा मात्र नाही. तिथे हवाच अंगापेक्षा गरम असते, घाम तासाला लिटरभर जाऊ शकतो आणि तो दिसतही नाही, कारण लगेच वाळतो.

आता पत्र्याच्या छताखालचा माळा डोळ्यांसमोर आणा. गरम हवा वर चढून तिथेच साचते. वारा नाही. माणसाचा घाम त्या कोंदट जागेत आणखी दमटपणा घालतो. भरीला डोक्यावरचा पत्रा निखाऱ्यासारखी उष्णता फेकतो, जी हॉल्डेन यांच्या ओल्या फडक्याला नीट मोजता येत नव्हती. ती उणीव पुढे १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण तळांवर काळ्या गोलातल्या तापमापकाची भर घालून दूर झाली. वायरिंग करणारा, एसी बसवणारा किंवा माळ्यावरच्या गोदामातून पोती उतरवणारा हमाल अर्ध्या तासात घसरू शकतो. असे काम पहाटे उरकावे, खाली एक सोबती हाक मारत राहावा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी खाली यावे. पंखा लावावा, पण हवा चाळिशीपार आणि कोरडी असेल तर अंग ओले करूनच, नाहीतर तो गरम झोतच मारतो. नव्या माणसाला पहिला आठवडा निम्मेच काम द्यावे. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि बळी बहुधा पहिल्या काही दिवसांतच जातात.

खोल कोळसा खाणीतल्या कामगारांना पाळीच्या शेवटी पोटऱ्यांत आणि पोटात भयंकर गोळे येत. १९२० च्या दशकात हॉल्डेन यांच्या प्रयोगशाळेतील मॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते आणि कामगार नुसते पाणी ढोसतात, त्यामुळे रक्तातले मीठ विरळ होते. पाण्यात चिमूटभर मीठ घातल्यावर गोळे थांबले. आपले मीठ घातलेले ताक, पन्हे आणि लिंबू सरबत याच कामाचे. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

गोळे आले, डोके गरगरले, तर सावलीत आणून मीठ घातलेले पाणी पाजले की बहुधा भागते. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा चिडला, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये; कष्टाच्या उष्माघातात घाम असू शकतो. कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. खिशातला कांदा चवीला चांगला, उष्माघात त्याने टळत नाही. रुग्णवाहिकेची वाट पाहतानाची पंधरा मिनिटे गार पाण्यात गेली की मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता वाढते.

हॉल्डेन वयाच्या पंच्याहत्तरीतही थांबले नव्हते. इराणमधल्या तेल शुद्धीकरण कारखान्यांत कामगारांना उष्माघात होत होता, त्याची पाहणी करायला ते गेले. ऑक्सफर्डला परतल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि १९३६ च्या १४ मार्चच्या मध्यरात्री ते गेले.