वस्ताद बिंबा

आमच्या गावात तालमीला मारुतीच्या देवळाइतकाच मान. लाल मातीत अंग मळवून घरी आलो की आजी बोलायची, पण वस्तादांचे नाव काढले की गप्प बसायची. म्हणूनच पायाचे डाव खेळले एवढ्यासाठी माणसाला तुरुंगात धाडीत, असा एक देश होता हे प्रथम वाचले तेव्हा मला ते खरे वाटेना. तो देश ब्राझील, ती विद्या कपोएरा, आणि तिला प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस म्हणजे मेस्त्रे बिंबा. मेस्त्रे म्हणजे पोर्तुगीज भाषेत वस्ताद. आपला मेस्त्री हा शब्द त्यावरूनच आलेला. आणि गंमत अशी की बिंबाने काही काळ सुतारकामही केले होते.

आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी ब्राझीलच्या भूमीवर घडवलेली ही विद्या. माणसांचा फेर धरायचा, मध्ये दोघांनी उतरायचे, हात जमिनीला टेकून पाय भिरकावायचे. कुस्तीला जशी हलगी तसे हिला बेरिंबाऊ, म्हणजे धनुष्याला भोपळा बांधलेले एकतारी वाद्य. लांबून पाहणाऱ्याला नाच वाटावा आणि जवळ जाणाऱ्याचा जबडा फुटावा! गुलामगिरीच्या काळी कपोएरा खेळणाऱ्याला फटके मिळत. १८८८ साली गुलामगिरी संपली आणि दोनच वर्षांनी, १८९० च्या दंडसंहितेत, रस्त्यावर कपोएरा खेळण्यावर स्वतंत्र कलम आले. शिक्षा दोन ते सहा महिने कैद, म्होरक्याला दुप्पट. रिओ शहरात कपोएरावाल्यांच्या टोळ्या होत्या, वस्तरे चालत, पुढारी त्यांना निवडणुकीत वापरीत, हे खरे. पण मालकाचा चाबूक गेल्याबरोबर पोलिसाच्या हाती हे कलम यावे, हा मला योगायोग वाटत नाही.

अशा काळात, १८९९ च्या सुमारास, बाहिया प्रांतातल्या साल्वादोर शहरी मानुएल दोस रेइस माशादो जन्मला. होणारे मूल मुलगी की मुलगा यावर म्हणे आईची आणि सुईणीची पैज लागली होती. सुईण जिंकली आणि ज्या शब्दाने तिने मुलगा झाल्याची खूण सांगितली तोच त्याला चिकटला. त्या शब्दाचा अर्थ वार्षिकांकात छापण्याजोगा नाही!

बाराव्या वर्षी तो बेंतिन्यो नावाच्या आफ्रिकी वस्तादाकडे शिकू लागला. पोटासाठी गोदीत हमाली केली, गाडी हाकली. घोडेस्वार पोलीस येताना दिसले की बेरिंबाऊवर टापांसारखा एक ठेका वाजे आणि फेर पांगे. त्या ठेक्याचे नावच काव्हालारिया, म्हणजे घोडदळ. तो ठेका आजही वाजवतात.

१९३२ साली बिंबाने साल्वादोरमध्ये आपली शाळा काढली. कपोएरा हे बदनाम नाव त्याने टाळले आणि आपल्या पद्धतीला बाहियाची प्रादेशिक झुंज म्हटले. बापाकडून पाहिलेल्या बतूके या झुंजीतले डाव तिच्यात मिसळले, शिक्षणाचा क्रम आखला. शिष्य होण्यास अट एकच, नोकरी तरी दाखवा नाही तर शिक्षण! म्हणजे पोलिसांना उनाड म्हणून बोट दाखवायला जागा नको. हळूहळू वैद्यकीचे विद्यार्थी येऊ लागले, बड्या घरची मुले आली. १९३७ साली शाळेला सरकारी मान्यता मिळाली, १९४० च्या दंडसंहितेतून ते कलमच गेले, आणि १९५३ साली राष्ट्राध्यक्ष वार्गास यांच्यापुढे बिंबाने शिष्यांसह खेळ केला.

इथे मी अडखळतो. लाथ तीच होती. ती हमालाच्या पायाची असताना गुन्हा होती, डॉक्टराच्या मुलाच्या पायाची झाल्यावर राष्ट्रीय खेळ झाली. बिंबाने विद्या वाचवली की साहेबांच्या पसंतीची करून दिली? जुन्या वळणाचे लोक त्याला दोष देत आणि मेस्त्रे पास्तिन्याने जुन्या पद्धतीची वेगळी शाळा चालवली. मला त्यांचे दुःख कळते. तरी घोड्याच्या टापा कानी पडत असताना चार भिंती आणि एक परवाना मिळवणाऱ्या माणसाला मी तरी नावे ठेवणार नाही.

परवाना देणाऱ्या सरकारने त्याला पोटापुरते मात्र दिले नाही. बाहियाच्या अधिकाऱ्यांना विटून १९७३ साली, सत्तरी उलटल्यावर, तो दूर गोइयानिया शहरी गेला. तिथली आश्वासनेही पोकळ निघाली. ५ फेब्रुवारी १९७४ रोजी तो तिथेच वारला. त्याच्या अस्थी १९७८ साली साल्वादोरला आणण्यात आल्या. १९९६ साली बाहियाच्या विद्यापीठाने त्या गोदीतल्या हमालाला मरणोत्तर डॉक्टरेट दिली.